हमसियाचं बोट

हमसियाला किळस फार. कुणाला दमा असतो, कुणाला गुडघेदुखी असते, तशी हिला किळस. दुसऱ्याच्या पेल्याला ती तोंड लावायची नाही. चहाच्या टपरीवर बशीत चहा सांडलेला दिसला की पेला तसाच परत. मशिदीच्या ओसरीवर कुणी नाक शिंकरून हात चटईला पुसताना दिसला, तर तिला दिवसभर अन्न जात नसे, आणि त्या माणसाच्या घरी ती पुढे कित्येक महिने पाणीसुद्धा पीत नसे. नवरा आकोब रबराच्या मळ्यात कामाला. झाडाखालच्या वाट्यांत चीक आंबून त्याचे गोळे होतात, ते तो पोत्यात भरून आणायचा. त्या गोळ्यांची घाण कशी असते हे बालिंगच्या बाजूला जन्मलेल्या माणसाला सांगायला नको. त्यापेक्षा मेलेली म्हैस बरी. उभा जन्म त्या घाणीत काढून हमसियाला तिची सवय झाली नाही. आकोबने कपडे परसात काढायचे, विहिरीवर न्हायचं, आणि मगच घराचा जिना चढायचा. लग्न झालं त्या दिवसापासूनचा हा कायदा.

"माझं लग्न हिच्याशी झालं का साबणाशी, तेच मला अजून कळलेलं नाही," असं आकोब टपरीवर सांगायचा. लोक हसायचे. ते कानावर आलं की हमसिया म्हणायची, "साबणाशी झालं असतं तर साबण केव्हाच झिजून गेला असता."

गंमत अशी की हीच हमसिया नदीचे मासे मिठात आणि भाजलेल्या तांदळात मुरवून बरण्या भरायची. बरणीचं झाकण उघडलं की शहरातून आलेला पाहुणा नाक धरून अंगणात पळायचा. "याला वास म्हणत नाहीत, याला दरवळ म्हणतात," असं ती त्याला वर ऐकवायची. किळसेचंही ज्याचं त्याचं असतं.

पण या किळसेनेच तिला गावात मान दिला होता. चारोक गावात लग्न असो, बारसं असो, हजहून कुणी परतलेलं असो, कंदुरी, म्हणजे त्या निमित्ताचं गावजेवण, सगळ्या गावाने मिळून शिजवायची. बायका कांदे सोलणार, पुरुष मोठमोठ्या कढया चुलाणावर चढवणार, म्हातारे सुपारी कातरत नको ते सल्ले देणार. आजूबाजूच्या गावांत शेवटचं मीठ पुरुष टाकतो. चारोकमध्ये ते हमसिया टाकायची, आणि तिच्या आधी तिची आई. लग्नघरची बाई पानाचा डबा घेऊन तिच्या ओटीवर यायची आणि म्हणायची, "माक लोंग, चूल तुमच्या हाती." थोरल्या मावशीला इकडे माक लोंग म्हणतात, हमसिया सगळ्या गावाचीच थोरली मावशी झाली होती. कंदुरीच्या सकाळी ती स्वयंपाकाच्या मांडवाच्या तोंडाशी उभी राहायची आणि प्रत्येक बाईचे हात उलटेसुलटे करून बघायची. नखांत मळ दिसला, बोटाला चिंधी दिसली, की परत. "शी! हे हात घेऊन कुठे निघालीस? जा, म्हशीला चारा घाल." बायका चिडायच्या, पण चारोकच्या कंदुरीत जेवून आजवर कुणाचं पोट बिघडलं नाही, हे परगावी छाती काढून सांगायच्याही त्याच.

फक्त एक भाजी तिच्या हाती कुणी कधी दिली नाही. माठाची.

त्याचं कारण जुनं आहे, पार या केडाह राज्याच्या पहिल्या राजांइतकं जुनं. फार पूर्वी या मुलखात एक राजा होता. एके दिवशी माठ चिरताना त्याच्या स्वयंपाकिणीचं बोट कापलं आणि रक्त भाजीत पडलं. दुसरी भाजी करायला वेळ नव्हता. ती घाबरली, गप्प राहिली, आणि ताट वाढलं. राजाने बोटं चाटली. उद्याही अशीच भाजी हवी म्हणाला. परवाही. चव कशाची हे त्याने तिच्याकडून वदवून घेतलं, आणि त्याला माणसाच्या रक्ताची चटक लागली. रोज एक माणूस जायला लागला. राजाच्या तोंडात सुळे उगवले. शेवटी लोक उठले, राजा पळाला, आणि पळता पळता त्याने आपले सुळे उपटून भिरकावून दिले. ते या डोंगरांमध्ये कुठेतरी पडले म्हणतात.

राजाचं पुढे काय झालं ते प्रत्येक जण वेगळं सांगतो. स्वयंपाकिणीचं काय झालं हे मात्र चारोकला पक्कं ठाऊक आहे: ती डोंगर उतरून इथे आली, इथे तिने लग्न केलं, आणि हमसियाच्या आईचं घर तिच्याच पोटचं. पुरावा? गावाला ठाऊक असलेल्या गोष्टीला पुरावा कशाला लागतो?

शाळेत असल्यापासून हमसियाने हे भोगलं. मधल्या सुट्टीत डबा उघडला की पोरी भोवती गोळा व्हायच्या. "बोट दाखव! बोट दाखव!" त्यात सगळ्यात मोठा आवाज सेनाहचा. सेनाह शेजारच्याच घरातली, हिच्याच वयाची, जिभेला हाड नसलेली. मोठेपणीही सुटका नव्हती. मांडवाच्या तोंडाशी हमसियाने हात तपासायला घेतले की रांगेतून सेनाह ओरडायची, "आधी तू बोट दाखव!" आणि सगळ्या खिदळायच्या. हमसियाही वरवर हसायची. पण माठ तिने जन्मात शिजवला नाही, खाल्ला नाही, परसात लावला नाही. बाजारात माठाची जुडी दिसली तरी तिला मळमळायचं. आपल्या कुठल्याशा पणजीने रक्त पडलेलं बघितलं आणि तरी ताट उचलून पुढे केलं, या विचाराचीच तिला शिसारी होती. कापलं तर कापलं, कुणाचं कापत नाही? पण वाढलंस कसं, बाई? वाढलंस कसं?

अशात उत्सव आला. राज्याचा इतिहास, राज्याच्या दंतकथा, राज्याचं खाणंपिणं, सगळं म्हणे बालिंगच्या मैदानावर एका दिवसात मांडायचं होतं. समितीचा फख्रुल नावाचा तरुण मोटारीतून चारोकला आला. इस्त्रीचा शर्ट, घाम न येणारं कपाळ, हातात सतत फोन. ओटीवर बसून त्याने हमसियाने दिलेल्या कॉफीत बोट बुडवून माशी काढली, ते बोट विजारीला पुसलं, आणि घोट घेतला. हमसियाने पेला उचलून आत नेला तो परत आणलाच नाही.

"माक लोंग, आम्हाला तुम्हीच हव्यात," तो म्हणाला. "राजाच्या स्वयंपाकिणीची खरी वंशज! स्टेजवर तुम्ही माठाची भाजी शिजवायची. नारळाच्या दुधातली, रताळी घालून. बोट कापल्यासारखं करायचं आणि गुलाबाच्या सरबताचे दोन थेंब टाकायचे. मग आमचे बडे पाहुणे, सरकारी किताबवाले दातुक, राजा होऊन पहिला वाडगा खाणार. लोक वेडे होतील!"

"शी!" हमसिया म्हणाली.

"शी काय? ही आपली संस्कृती आहे, माक लोंग."

"रक्ताची भाजी खाणं ही तुझी संस्कृती असेल, बाबा. आमच्या गावात तिला नापाक म्हणतात आणि गटारात ओततात."

फख्रुल दात दाखवून हसला. "तुम्हाला नको असेल तर शहरातून एखादी नटी आणू. केसांचा टोप घालू तिला. गाव मात्र तुमचंच सांगावं लागेल, आणि घरही."

कुंपणापलीकडे सेनाह कपडे वाळत घालत होती, म्हणजे एकच कपडा पुन्हा पुन्हा झटकत कान इकडे लावून उभी होती. "आणा हो नटी!" ती ओरडली. "हमसिया माठाला हात नाही लावायची. तिची तिलाच भीती वाटते."

हे बोलणं हमसियाला लागलं, कारण ते खरं होतं. मग तिच्या मनात आलं, का नाही? सगळ्या बालिंगसमोर एकदा माठ शिजवायचा. पांढऱ्याशुभ्र रश्शाची, हिरव्यागार पानांची भाजी. तिच्यात काही पडणार नाही, कुणी काही टाकणार नाही. दातुकपासून शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांना वाढायची आणि वर बोट दाखवायचं, धडधाकट. एकदाचं हे झेंगट पुरून टाकायचं, म्हणजे निदान नातवंडांच्या डब्याभोवती तरी पोरं गोळा होणार नाहीत.

"येते," ती म्हणाली. "पण सरबत नाही. थेंबसुद्धा नाही. मी शिजवीन ते लोक खरोखर खातील."

"अगदी तुम्ही म्हणाल तसं," फख्रुल म्हणाला. असल्या माणसांनी 'अगदी तुम्ही म्हणाल तसं' म्हटलं की सावध व्हावं. हमसिया झाली नाही.

"मी येते गं कांदा चिरायला," कुंपणापलीकडून सेनाह म्हणाली. "पुढे माझ्या लैलीचं लग्न आहे, चूल तुझ्याच हाती द्यायचीय. त्याआधी तुझा हात तपासून घेते!"

उत्सवाच्या सकाळी हमसियाने जन्मात पहिल्यांदा माठाच्या जुड्या सोडल्या. पोटात ढवळत होतं. तरी पान न् पान उलटून, देठ सोलून, विहिरीच्या पाण्यातून पुन्हा पुन्हा काढून तिने टोपली भरली, वर ओलं फडकं बांधलं, आणि आकोबच्या मोटरसायकलवर मागे बसली. डोंगराच्या पांढऱ्या कड्यांवर धुकं लोळत होतं. रबराच्या ओळींतून लोक चीक काढून परतत होते. खाचरात बगळे उभे होते, टपरीवर लाक्साच्या, माशाच्या आंबट रश्शाच्या पातेल्याला उकळी फुटली होती, आणि ज्या जुन्या इमारतीत जंगलातले बंडखोर एके काळी बोलणी करायला उतरले होते, तिथून जवळच एक म्हातारा नेहमीसारखा केळी मांडून पेंगत होता. हे सगळं रोजचंच. यात काही बघण्यासारखं आहे असं हमसियाला कधी वाटलं नव्हतं. मैदानात पाय ठेवला आणि मात्र तिला मागे वळून तेच बघत राहावंसं वाटलं.

कारण मैदानात राज्य मांडलं होतं. डोंगर मांडला होता, प्लास्टिकच्या कापडावर छापलेला, आइस्क्रीमच्या रंगाचा. भाताचं शेत मांडलं होतं, तेही प्लास्टिकचं, आणि त्यात थर्माकोलची म्हैस. तिच्या पाठीवर चिकट हातांची पोरं चढत होती आणि म्हशीचा एक कान कधीच तुटून पायदळी आला होता. स्टेजच्या पायथ्याशी राजाचे दोन सुळे उभे केले होते, माणसाहून उंच, टोकाशी लाल रंग ओघळलेला. त्यांच्या मधोमध उभं राहून लोक तोंड वेंगाडून फोटो काढत होते. एका सुळ्यामागे कुणीतरी ओकलं होतं, आणि समितीने त्यावर खुर्ची ठेवून दिली होती. खाण्याच्या रांगेत एक जण काखेत खाजवून त्याच हाताने शेवया उचलत होता. मैदानाला लागून जिवंत केळीचं बन होतं. तिथे लोक आडोशाला जात होते, आणि स्टेजला प्लास्टिकची केळीची पानं बांधली होती. वरच्या कर्ण्यातून एक गोड आवाज सारखा सांगत होता की आपला वारसा किती थोर आहे.

"या अल्ला, घरी चल," हमसिया आकोबला म्हणाली.

"आता?" आकोब म्हणाला. "आता गेलीस तर सेनाह वरातीत तुझ्यावर गाणं रचेल."

स्टेजवर त्यांनी तिला घालायला मखमलीचा झगा दिला. त्याच्या काखेत कुणा परक्याच्या घामाचे पांढरे डाग होते. तो तिने दोन बोटांनी धरून फख्रुलला परत केला आणि आपल्या धुतलेल्या सुती पोशाखातच चुलीशी उभी राहिली. पातेलं तिचं, सुरी तिची, पाणी घरून आणलेलं. बाजूला सेनाह पाटावर कांदा चिरत होती. तिचे हात हमसियाने स्टेजवरच तपासले, लोक हसले, आणि सेनाहने सवयीने म्हटलं, "आधी तू बोट दाखव!" हमसियाने दाही बोटं वर करून दाखवली. टाळ्या पडल्या.

नारळाचं दूध तापलं. कांदा, मिरची, वाळकी कोळंबी पडली, रताळ्याच्या फोडी मऊ झाल्या, आणि मग तिने माठ सोडला. पानं क्षणात मान टाकून दुधात बसली. पांढऱ्यात हिरवं, वर रताळ्याचं केशरी. वाफ तोंडावर आली आणि हमसिया चकितच झाली, कारण मळमळ गेली होती. तिला भूक लागली होती. इतकी वर्षं आपण हे खाल्लं नाही, कशासाठी, असं तिला वाटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं ते तिने वाफेवर ढकललं.

शेवटी हळदीचं पान. ते हातातल्या हातात दुमडून सुरीने बारीक कातरायचं आणि थेट पातेल्यात सोडायचं, ही तिच्या आईची पद्धत. तिने पान दुमडलं, सुरी लावली. तेवढ्यात फोटोवाल्यांना बाजूला सारत फख्रुल आला. हातात लाल बाटली.

"माक लोंग, दोनच थेंब. लोक त्यासाठीच थांबलेत."

"तुला सांगितलं होतं."

"तुम्ही नुसत्या उभ्या राहा, मीच टाकतो," म्हणत त्याने बाटली पातेल्यावर धरली. हमसियाने कोपराने त्याचा हात उडवला. सुरी सटकली.

डाव्या हाताचं पहिलं बोट. ती हात मागे घेईपर्यंत रक्त पडलं होतं. पांढऱ्या रश्शावर लाल थेंब क्षणभर तसाच राहिला, मग पसरला. बाटलीचं झाकण फख्रुलने अजून उघडलंही नव्हतं, पण मैदानातून ते कुणाला दिसणार? लोकांनी बाटली बघितली, लाल थेंब बघितला, आणि अख्ख्या मैदानाने टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्यांनी आकाश डोक्यावर घेतलं.

सेनाहला दिसलं. ती पाटावरून उठली आणि हमसियाच्या कानाशी आली. "हात ओढणीखाली घे," ती कुजबुजली. "कुणाला कळलेलं नाही. सरबतच होतं म्हण. नाहीतर तांबड्या माठाचं पान चुकून गेलं म्हण."

"आणि हे वाढू?"

"एवढासा थेंब! एवढ्या पातेल्यात काय कळतंय? अगं, खरं बोललीस तर तुझ्या नातवंडांच्या नातवंडांनाही बोट दाखवायला लावतील. आमचं गाव तुला माहीत नाही का? गप्प बस, हमसिया. तुझ्या पाया पडते, गप्प बस."

आणि त्या क्षणी हमसियाला आपली ती पणजी समजली. म्हणजे हे इतकं सोपं असतं. काही करायचं नसतं, नुसतं गप्प राहायचं असतं. शेजारी कुणीतरी मायेनेच सांगत असतं की कुणाला कळणार आहे. पणजी समजली आणि हमसियाला स्वतःची अशी किळस आली की तशी तिला आजवर कशाचीच आली नव्हती.

दातुक कागदी मुकुट घालून पुढे आले होते. त्यांनी वाडगा पुढे केला. "वाढा, माक लोंग! राजाला भूक लागली!"

"खाऊ नका," हमसिया म्हणाली. "बोट कापलंय. हे खरं रक्त आहे."

समोर माइक होता. तिचं बोलणं मैदानभर गेलं, आणि आरोळ्या दुप्पट झाल्या. दातुक पोट धरून हसले. "काय काम करते ही बाई! अंगावर काटा आला माझ्या!" हमसियाने बोट वर करून दाखवलं. मनगटापर्यंत ओघळ आला होता. त्यावरही टाळ्या. फख्रुल माइकजवळ तोंड नेऊन ओरडला, "हीच ती वंशज! हेच ते बोट!" आणि दातुकांनी तिच्या हातातला डाव काढून घेऊन स्वतःच वाडगा भरायला पातेल्यात बुडवला.

मग हमसियाने ओलं फडकं उचललं, पातेल्याचे कान धरले आणि सगळी भाजी उलथून दिली. गरम रस्सा फळ्यांवरून वाहत प्लास्टिकच्या पानांत शिरला, फख्रुलच्या बुटांत गेला, दातुक मुकुट धरून मागे उडाले. टाळ्या कुठेतरी मधेच बंद पडल्या. रिकामं पातेलं गडगडत जाऊन सुळ्यांपाशी थांबलं.

"तिने वाढलं होतं," हमसिया म्हणाली. "मी नाही वाढणार."

ती स्टेज उतरली, केळीच्या बनात गेली, आणि तिथे भडाभडा ओकली.

घरी आल्यावर कुणी काही बोललं नाही, आणि तेच वाईट होतं. पोरांच्या फोनवर तिचा तो प्रकार फिरत होता. टपरीवर आकोब बसला की बोलणं पावसापाण्यावर जायचं. साबणाचा विनोद त्याने पुन्हा सांगितला नाही. "उत्सवाचा सत्यानाश केला," असं फख्रुल म्हणाल्याचं कानावर आलं. त्याचं हमसियाला काहीच वाटलं नाही. पण लैलीचं लग्न जवळ आलं तरी सेनाह पानाचा डबा घेऊन आली नाही. कुंपणापलीकडे कपडे वाळत घालतानाही आता ती पाठ करून उभी राहायची. मग बातमी आली की कढयांवर पलीकडच्या कुपांग गावचे स्वयंपाकी बोलावणार आहेत. आईपासूनची चूल गेली, आणि कशामुळे गेली ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"जाऊ नकोस," लग्नाच्या सकाळी आकोब म्हणाला.

"कंदुरीला बोलावणं लागत नाही," ती म्हणाली. "शेजारीण घरात बसून राहिली तर त्याला भांडण म्हणतात." तिने नवी ओढणी घेतली, हात कोपरापर्यंत धुतले, आणि मांडवात जाऊन अगदी कडेच्या चटईवर पोरींबरोबर कांदे सोलायला बसली.

स्वयंपाकाच्या मांडवाच्या तोंडाशी कुणीच उभं नव्हतं. बायका जशा येतील तशा आत शिरत होत्या. एकीने केस बांधले नव्हते. एकीच्या अंगठ्याला मळकी चिंधी होती आणि ती मटणाची पाटी घेऊन आत चालली होती. हमसियाच्या अंगावर शहारा आला. ती ओठ दाबून कांदा सोलत राहिली.

"इथे काय बसलीस?" समोर सेनाह उभी होती. मुलीच्या लग्नाचा निळा रेशमी पोशाख, कडेवर टोपली.

"बसायला दुसरी जागा कुठे ठेवलीस?"

सेनाहने टोपली खाली ठेवली. "डबा घेऊन तुझ्या जिन्यापर्यंत आले होते," ती म्हणाली. "वर चढायला तोंड नव्हतं मला. मीच तुला म्हटलं होतं, वाढ म्हणून. माझं ऐकलं असतंस ना, हमसिया, तर मी तुझ्या हातचं जन्मात परत खाल्लं नसतं. आणि असं सांगणाऱ्या बाईच्या घरचं तू तरी का खाशील?"

"कुपांगचे स्वयंपाकी?"

"आलेच नाहीत. बोलावलेच नव्हते. बायका काहीही उठवतात." तिने टोपलीवरचं फडकं काढलं. आत माठ होता, ताजा, टोपलीभर. "लैली म्हणते, लग्नात हीच भाजी पाहिजे. तुझ्याच हातची."

कांदे सोलणाऱ्या पोरी थांबल्या. चुलाणाशी बसलेले म्हातारे सुपारी कातरायचे थांबले.

"बोट दाखव," सेनाह म्हणाली.

कुणी हसलं नाही. हमसियाने डावा हात पुढे केला. सेनाहने तो दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, सुलटा केला, बोटाचं पेर उजेडात धरून बघितलं. जखम भरली होती, बारीक पांढरी रेघ तेवढी उरली होती.

"बरंय," ती म्हणाली. "जा आत. चूल तुझ्या हाती."

हमसियाने हात सोडवून घेतला नाही. तसाच फिरवून सेनाहचा हात वर आणला आणि सवयीने तिची नखं बघितली. नखांत पानाचा चुना होता, कांद्याची सालं होती, आणि आणखी काय काय होतं ते तिला बघवेना. तिने टोपलीतली वरची जुडी उचलून झटकली. एक गोगलगाय चटईवर पडली.

"शी!" हमसिया म्हणाली. "या हातांनी धुतलास तू हा माठ? शी शी शी! जा, आधी हात धू. मग माठ धू, पान न् पान उलटून. आणि मग मला आणून दाखव."

वधूची आई रेशमी पोशाख गुडघ्यांपर्यंत खोचून नळाखाली बसली. हमसिया उठली, ओढणी मागे बांधली, मांडवाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली आणि अंगठ्याला चिंधी बांधलेल्या त्या बाईला आतून परत बोलावलं.

"हात," ती म्हणाली.